नाक चोंदणे आणि सायनसचा जडपणा : कोणता घरगुती उपाय कशासाठी

संक्रांतीच्या सुमारास दरवर्षी नाक चोंदते, गाल आणि कपाळ जड होतात, खाली वाकले की ठणका वाढतो, आणि प्रत्येक वेळी अँटिबायोटिक घेण्याची तुमची इच्छा नाही. घरातली वडीलधारी मंडळी वाफ, ओव्याची पुरचुंडी आणि वेखंडाचा लेप सुचवतात, योगवर्गात जलनेती, म्हणजे मिठाच्या पाण्याने नाक धुणे, सांगितली आहे, आणि घरात आठ महिन्यांचे बाळही सर्दीने बेजार आहे, असे तुम्ही लिहिले आहे. माझे मत असे की या सर्वांत मिठाच्या पाण्याने नाक धुणे हाच उपाय सर्वांत भरवशाचा आहे. मात्र सोलापुरात तो करताना पाण्याबाबत कोणतीही तडजोड करू नये.

गालाच्या हाडातील पोकळीचे, म्हणजे तिथल्या सायनसचे, तोंड तळाशी नसून वरच्या बाजूला असते. त्यामुळे तिथला स्राव आपोआप खाली वाहत नाही. आतल्या अस्तरावरचे सूक्ष्म केस तो वर ढकलत नाकात आणून सोडतात. सर्दीने किंवा धुळीने अस्तर सुजले की हे अरुंद तोंड बंद होते, स्राव घट्ट होऊन आत साचतो आणि जडपणा जाणवतो. म्हणून सूज उतरवणे आणि स्राव पातळ ठेवणे, या दोन कसोट्यांवरच प्रत्येक उपाय पाहावा.

नाक धुण्यासाठी एक लिटर पाण्याला नऊ ग्रॅम मीठ हे प्रमाण योग्य असते, म्हणजे पाव लिटर कोमट पाण्याला चहाच्या चमच्याने अर्ध्याहून किंचित कमी. निव्वळ साधे पाणी नाकात झोंबते, कारण त्याची क्षारता शरीरातील द्रवाशी जुळत नाही. मीठ घालूनही आग होत असेल तर चिमूटभर खाण्याचा सोडा घालावा. बेसिनवर वाकून मान एका बाजूला कलती करावी, तोंडाने श्वास घेत राहावे आणि वरच्या नाकपुडीतून सोडलेले पाणी खालच्या नाकपुडीतून वाहू द्यावे. नंतर एकेक नाकपुडी हलकेच शिंकरावी. दोन्ही दाबून जोर लावल्यास पाणी आणि स्राव कानाकडे जाण्याची भीती असते. कान दुखत असेल, नाक पूर्ण बंद असेल किंवा नाकाची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये.

आता पाण्याविषयी, कारण माझी खरी काळजी इथेच आहे. आपल्याकडे उजनी धरणाचे पाणी काही दिवसांआड येते आणि मधले दिवस ते टाकीत किंवा पिंपात साठलेले असते. ते पिण्याला चालले तरी नाकात घालण्याला चालत नाही. नेग्लेरिया फाउलेरी नावाचा गोड्या, कोमट पाण्यात वाढणारा अमीबा पोटात गेला तर अपाय करत नाही. नाकावाटे गेला तर मेंदूपर्यंत पोहोचतो आणि तो आजार बहुतेक वेळा जीवघेणाच ठरतो. अमेरिकेतील लुइझियाना राज्यात २०११ साली नळाच्या पाण्याने नेती करणाऱ्या दोन व्यक्ती या आजाराने दगावल्या, आणि केरळात २०२४ व २०२५ मध्ये अमीबाच्या अशा मेंदूज्वराचे रुग्ण आढळले. आजार अत्यंत दुर्मीळ आहे, पण त्यापासून वाचण्याचा उपाय इतका सोपा आहे की तो टाळण्याला कोणतेही कारण नाही. पाण्याला खळखळून उकळी आल्यावर किमान एक मिनिट ते तसेच उकळू द्यावे, झाकून कोमट होऊ द्यावे आणि चोवीस तासांच्या आत वापरावे. फिल्टरचे पाणीसुद्धा उकळूनच घ्यावे, आणि नेतीचा लोटा प्रत्येक वेळी धुऊन कोरडा करावा.

वाफेने बरे वाटते हे खरे, परंतु तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. ब्रिटनमध्ये वारंवार सायनसचा त्रास होणाऱ्या रुग्णांवर झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नाक धुण्याचा थोडा उपयोग दिसला. वाफेने डोकेदुखी काहीशी कमी झाली, बाकी लक्षणांत फरक पडला नाही. वाफ घ्यायचीच असेल तर पातेले जमिनीवर स्थिर ठेवावे आणि रांगते मूल त्या खोलीत नसावे, कारण उकळत्या पाण्याने मुले भाजण्याचे अपघात याच प्रसंगी होतात. ओव्याच्या पुरचुंडीने किंवा निलगिरीने नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, तरी त्याने सूज उतरतेच असे नाही; मोठ्यांनी खुशाल हुंगावे. वेखंडाच्या लेपाने वाटणारा आराम मुख्यतः उबेचा असतो, आणि तो गरम पाण्यात पिळलेल्या फडक्याच्या शेकानेही मिळतो, त्वचेची आग न होता. हळदीचे दूध, आल्याचा चहा, पातळ कढण यांपैकी जे आवडेल ते गरम गरम प्यावे.

बाळाच्या बाबतीत मात्र मी आग्रहाने सांगेन की धुरी देऊ नये, नाकात तेल घालू नये आणि कापूर लावू नये. धुराने सुजलेले अस्तर आणखी सुजते, तेल फुप्फुसात उतरू शकते आणि कापूर पोटात गेल्यास लहान मुलांना झटके येतात. वर्षाच्या आत मध चाटवू नये. औषधाच्या दुकानात मिळणारे मिठाच्या पाण्याचे थेंब दूध पाजण्यापूर्वी नाकात घालावेत. तेवढे पुरेसे असते.

त्रास दरवर्षी त्याच वेळी होतो, यावरून ॲलर्जीची शंका येते. संक्रांतीला सोलापुरात भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेतील धूळ, शेतातील काढणी-मळणी, आणि घरात किंवा शेजारी माग असल्यास सुताची उडणारी तूस, यांपैकी कशाने शिंका आणि नाकाची खाज सुरू होते ते नीट पाहा. तसे असेल तर मास्क बांधावा, फरशी झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी आणि बाहेरून आल्यावर नाक धुवावे. डॉक्टरांनी स्टेरॉइडचा नाकात मारायचा फवारा दिला तर घाबरू नये. त्याची सवय लागत नाही. सवय लागते ती नाक झटक्यात मोकळे करणाऱ्या थेंबांची, जे तीन ते पाच दिवसांपलीकडे वापरल्यास नाक उलट अधिक चोंदू लागते.

अँटिबायोटिकबद्दलचा तुमचा संकोच रास्त आहे, कारण अशी सर्दी बहुधा विषाणूंची असते आणि स्राव हिरवा-पिवळा झाला म्हणजे जिवाणूंचा संसर्ग झालाच असे नाही. मात्र दहा दिवसांत उतार पडला नाही, किंवा बरे वाटून पुन्हा ताप आणि दुखणे वाढले, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे. डोळ्याभोवती सूज, एकाचे दोन दिसणे, मान ताठणे, किंवा मधुमेही व्यक्तीच्या नाकातून काळसर स्राव आणि गाल बधिर होणे, यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. २०२१ च्या म्युकरमायकोसिसच्या, म्हणजे काळ्या बुरशीच्या आजाराच्या, साथीत अशीच लक्षणे दिसली होती. एकाच नाकपुडीतून दुर्गंधीयुक्त स्राव येत असेल तर वरच्या दाढांचीही तपासणी करून घ्यावी, कारण त्यांची मुळे गालाच्या पोकळीला लागून असतात आणि किडलेल्या दाढेचा संसर्ग तिथवर पोहोचतो.