‘फक्त नाव द्या’ असे म्हणून शोधपत्रिकेच्या संपादक मंडळावर घेत असतील, तर आपल्यावर कोणती नैतिक जबाबदारी येते?

आपण विचारले आहे की, एका नव्या शोधपत्रिकेने आपल्याला संपादक मंडळावर येण्याचे निमंत्रण दिले आहे, ‘काम काहीच नाही, फक्त नाव आणि छायाचित्र पाठवा’ असे कळवले आहे, आणि पदोन्नतीच्या अर्जात त्याचा उपयोग होईल असेही सुचवले आहे. अशा वेळी आपल्यावर नैतिकदृष्ट्या काही जबाबदारी येते का? माझ्या मते ती निश्चितच येते, आणि काम नसेल तर अधिकच येते, कारण काम करणाऱ्या संपादकाला निदान आपल्या नावाखाली काय छापले जात आहे हे ठाऊक तरी असते. मी काही वर्षे एका विद्यापीठीय त्रैमासिकाच्या संपादनाशी संबंधित आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

लग्नपत्रिकेत निमंत्रक म्हणून दूरच्या नातेवाइकांची नावे छापली, तर कोणाचे काही बिघडत नाही. शोधपत्रिकेचे तसे नाही. निबंधाचे परीक्षण, म्हणजे छापण्याआधी विषयाच्या जाणकारांनी करायची तपासणी, कोणी केले, किती काटेकोरपणे केले, की केलेच नाही, हे वाचकाला कधीच दिसत नाही. त्याला दिसतात ती मंडळावरील नावे, आणि त्या नावांवर विश्वास ठेवून तो त्या निबंधाचा आधार घेतो. हा विश्वास किती स्वस्तात विकला जातो, हे पोलंडमधील काही संशोधकांनी एका प्रयोगातून दाखवून दिले. त्यांनी एक काल्पनिक विदुषी निर्माण केली, तिला खोट्या पदव्या दिल्या, संपादनाचा अनुभव मात्र मुद्दाम शून्य ठेवला, आणि तिच्या नावाने ३६० नियतकालिकांकडे संपादकपदासाठी अर्ज पाठवले. त्यांपैकी ४८ नियतकालिकांनी तिला स्वीकारले, आणि किमान चौघांनी तर तिला थेट मुख्य संपादक करून टाकले. हा वृत्तान्त २०१७ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानविषयक साप्ताहिकात प्रसिद्ध झाला. आपल्याला आलेले निमंत्रण याच जातीचे असेल असे मी म्हणत नाही, पण ‘काम काहीच नाही’ हे वाक्य मला अस्वस्थ करते.

नावाचा असा वापर न विचारताही होतो. शोधपत्रिका प्रकाशित करणाऱ्या हैदराबादच्या ओमिक्स समूहाविरुद्ध अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी संस्थेने) २०१६ मध्ये जो दावा दाखल केला, त्यातील आक्षेपांपैकी एक हाच होता की, ज्यांनी संमती दिलेली नाही अशा विद्वानांची नावे संपादक म्हणून मिरवली जात होती. २०१९ मध्ये तेथील न्यायालयाने या समूहाला पाच कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरण्याचा आदेश दिला.

आपल्याकडची स्थिती पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या जुन्या मान्यताप्राप्त यादीतील, विद्यापीठांच्या शिफारशीवरून समाविष्ट झालेल्या नियतकालिकांची तपासणी डॉ. भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली होती; ती २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध झाली. तपासलेल्या १००९ नियतकालिकांपैकी सुमारे ३४.५ टक्के नियतकालिके पत्ता, संकेतस्थळ, संपादकांची नावे यांसारखी प्राथमिक माहितीच चुकीची किंवा अनुपलब्ध असल्यामुळे बाद झाली, आणि आणखी ५२.३ टक्के खोटा आयएसएसएन (नियतकालिकाचा क्रमांक), इम्पॅक्ट फॅक्टरचे (निबंधांचे संदर्भ इतरांनी किती घेतले यावरून काढलेल्या आकड्याचे) खोटे दावे, संपादकांची अपुरी पात्रता अशा कारणांनी गळाली. त्यानंतर आयोगाची मान्य नियतकालिकांची नवी ‘यूजीसी-केअर’ यादी आली, तिचे काम पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातून चालत असे, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने तीही बंद केल्याचे जाहीर केले. नियतकालिक पारखण्याचे काम आता संस्थांवर आणि प्राध्यापकांवरच आले आहे. जाता जाता सांगतो, आयएसएसएन हा केवळ ओळखक्रमांक आहे, दर्जाचा दाखला नव्हे. तरीही निमंत्रणपत्रांत तो पदकासारखा मिरवलेला दिसतो.

मंडळावर गेल्यास आपले पहिले कर्तव्य एकच, आणि माझ्या मते तेच सर्वांत कठीण आहे: निबंध स्वीकारण्याचा निर्णय आणि लेखकाने भरलेले शुल्क यांचा एकमेकांशी संबंध नाही याची खात्री करून घेणे. प्रकाशन शुल्क घेणे स्वतः अनैतिक नाही. अनेक प्रतिष्ठित मुक्त-प्रवेश (वाचकाला विनामूल्य वाचता येणारी) नियतकालिके ते घेतात. पण पैसे भरले म्हणून परीक्षणाशिवाय निबंध छापला जात असेल, तर ती शोधपत्रिका राहत नाही. आपल्या महाविद्यालयांत चर्चासत्रांच्या निमित्ताने निघणारे विशेषांक या दृष्टीने जरूर पाहावेत. नोंदणी शुल्कातच प्रकाशनाचा खर्च धरलेला असतो, सत्राच्या दिवशीच अंकाचे प्रकाशन करायचे असते, आणि मग आलेला प्रत्येक निबंध स्वीकारण्यावाचून संपादकाला पर्यायच उरत नाही. हा दोष केवळ लहान प्रकाशकांचा आहे असेही मानू नये. वायली या बड्या प्रकाशनसंस्थेच्या मालकीच्या हिंदावी नियतकालिकांना २०२३ या एका वर्षात ८००० हून अधिक निबंध मागे घ्यावे लागले, आणि त्यांतील बहुसंख्य निबंध अतिथी संपादकांच्या हाती सोपवलेल्या विशेषांकांतून आलेले होते.

नावाचा हाच प्रश्न लेखकांच्या बाजूने येतो, आणि संपादकाला त्यात लक्ष घालावेच लागते. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखकत्वासाठी चार अटी घातल्या आहेत: संशोधनाच्या कल्पनेत, माहितीच्या संकलनात किंवा विश्लेषणात भरीव वाटा, लेखनात किंवा त्याच्या चिकित्सक पुनर्लेखनात सहभाग, अंतिम मसुद्याला संमती, आणि संपूर्ण कामाबद्दल उत्तरदायी राहण्याची तयारी. या चारही एकत्र पूर्ण व्हाव्या लागतात. विभागप्रमुख आहेत, मार्गदर्शक आहेत, प्राचार्यांना वाईट वाटेल, ही कारणे त्यांत बसत नाहीत.

उत्तरदायित्वाशिवाय नाव दिले की काय होते, याचे एक उदाहरण पाहा. मे २०२० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने कोविडवरील हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या औषधाच्या वापराविषयी एक निबंध छापला. ६७१ रुग्णालयांतील ९६,०३२ रुग्णांची माहिती त्यास आधारभूत असल्याचे सांगितले होते, आणि त्याच्या परिणामी जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या चाचणीतील त्या औषधाचा भाग काही काळ थांबवला. ही माहिती सर्जिस्फिअर या कंपनीची होती. शंका उपस्थित झाल्यावर त्रयस्थ तपासनिसांना मूळ माहिती मिळू शकली नाही, तेव्हा चारपैकी तीन लेखकांनी तिची ग्वाही आपण देऊ शकत नाही असे कळवून निबंध मागे घेतला. चौथे लेखक त्या कंपनीचे संस्थापक होते. म्हणजे निबंध आपल्या नावाने प्रसिद्ध होईपर्यंत त्या तिघांनी मूळ माहितीची स्वतंत्र खातरजमा केलेली नव्हती. मात्र प्रसिद्धीपासून माघारीपर्यंत दोन आठवडेही लागले नाहीत, हे नोंदवले पाहिजे. याच ‘लॅन्सेट’मध्ये फेब्रुवारी १९९८ मध्ये आलेला, बारा मुलांच्या निरीक्षणांवर आधारलेला आणि गोवर-गालगुंड-रुबेला लसीचा संबंध स्वमग्नतेशी (ऑटिझमशी) सुचवणारा वेकफिल्ड यांचा निबंध पूर्णपणे मागे घ्यायला फेब्रुवारी २०१० उजाडला होता. त्यातील दहा सहलेखकांनी २००४ मध्येच त्या निष्कर्षापासून आपली नावे दूर केली होती. दरम्यान लसीविषयी पसरलेली भीती निबंध मागे घेऊनही मागे घेता आली नाही.

म्हणून कोणत्याही नियतकालिकाचा कस मी ते चूक उघड झाल्यावर काय करते यावर लावतो. दुरुस्ती छापण्याची, निबंध मागे घेतल्याची सूचना कारणासह आणि सर्वांना वाचता येईल अशी प्रसिद्ध करण्याची पद्धत तेथे आहे का? की अडचणीचा निबंध संकेतस्थळावरून गुपचूप नाहीसा होतो? दुसरा प्रकार आपल्याकडे फार आहे, आणि मी तो चुकीपेक्षाही गंभीर मानतो, कारण ज्यांनी त्या निबंधाचा आधार आधीच घेतलेला असतो त्यांना कधीच काही कळत नाही.

वाङ्मयचौर्याविषयी थोडेच सांगतो, कारण त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, त्यापुढे ४० आणि ६० टक्क्यांवर शिक्षेच्या पायऱ्या आहेत. यातून ‘दहा टक्के चालते’ असा सोयीस्कर अर्थ रूढ झाला आहे. पण त्या दहा टक्क्यांत निबंधाचा मुख्य युक्तिवादच उचललेला असेल तर ते चौर्यच आहे. मराठी नियतकालिकांत तर एखादा इंग्रजी लेख भाषांतरित करून स्वतःच्या नावावर छापला, तर शब्दसाम्य मोजणाऱ्या सॉफ्टवेअरला त्याचा सुगावा सहसा लागत नाही. तेथे विषय जाणणारा परीक्षकच लागतो. त्या परीक्षकानेही हस्तलिखित गोपनीय ठेवावे, लेखकाशी हितसंबंध असल्यास आधी सांगावे, आणि आपल्याच निबंधांचे संदर्भ घालायला लावू नये, एवढी किमान अपेक्षा असते.

आपण आता काय करावे? नकार देण्याआधी त्यांना ईमेलने तीन गोष्टी विचाराव्यात: गेल्या वर्षभरात किती निबंध आले आणि किती नाकारले, निबंध कोणाकडे परीक्षणासाठी जाईल हे कोण ठरवते, आणि एखादा निबंध छापू नये असे मंडळाच्या सदस्याने लेखी कळवले तर काय होते. नव्या पत्रिकेकडे पहिल्याचे उत्तर नसेल तर ते समजण्यासारखे आहे, दुसऱ्या आणि तिसऱ्याचे मात्र असलेच पाहिजे. उत्तर टाळले गेले, किंवा ‘सर, आपण त्याची काळजी करू नका’ असे आले, तर आपले नाव वापरण्यास संमती नाही असे स्पष्ट शब्दांत लिहून कळवावे, त्या ईमेलची प्रत आपल्या प्राचार्यांकडे द्यावी, आणि त्यानंतरही काही महिने त्यांचे संकेतस्थळ अधूनमधून उघडून पाहत जावे.