रंगवलेल्या चामड्यावर फिनिश चढवण्याआधी

पट्ट्याचा रंग कपड्यांना लागतो, याचं खापर लगेच फिनिशवर, म्हणजे रंगावर चढवलेल्या संरक्षक थरावर, फोडू नका. बहुतेकदा चूक त्याआधीच झालेली असते. डाय, म्हणजे चामड्यात मुरणारा रंग, लावल्यावर चामडं पूर्ण एक दिवस वाळू द्या. मग कोरड्या सुती फडक्याने घासत राहा. वर सुटा राहिलेला रंग फडक्यावर येतो, आणि काळ्या-निळ्या रंगांत तो भरपूर येतो. फडकं जवळपास स्वच्छ निघेपर्यंत थांबायचं नाही. कंटाळवाणं काम आहे, पण याला पर्याय नाही.

डायने, विशेषतः स्पिरिटच्या डायने, चामडं कोरडं पडतं, म्हणून नीट्सफूट तेलाचा (गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेलं, चामडं मऊ ठेवणारं तेल) अगदी हलका हात फिरवा आणि रात्रभर मुरू द्या. तेल जास्त झालं तर वरचा थर धरत नाही.

अॅक्रिलिक फिनिश वापरणार असाल तर त्यात निम्मं पाणी मिसळा. ओलसर स्पंजने पातळ हात द्या, वाळला की दुसरा. एकच जाड थर दिलात तर ओघळ दिसतात आणि वाकवल्यावर तडे जातात. पाण्यातला डाय असेल तर स्पंज घासू नका, रंग उठतो. तिथे फवारा बरा. मेण नेहमी शेवटी, कारण मेणावर अॅक्रिलिक चिकटत नाही. नुसतं मेण पाकिटाला चालेल, घाम लागणाऱ्या पट्ट्याला मी तरी देणार नाही.

आणि हे सगळं आधी त्याच चामड्याच्या कातरणावर करून बघा. फिनिशखाली रंग थोडा गडद होतो.