हेल्मेट काढण्याआधी

प्रिय मित्रा,

तुझी पटकथा दोनदा वाचली. आवडता गेम पडद्यावर आणायची तुझी तळमळ पानोपानी जाणवते. पण पहिली पंधरा पानं तू नायकाच्या बालपणावर खर्च केली आहेस आणि मी तिथेच अडलो. तू विचारलं आहेस की गेमचा तीन मिनिटांचा ट्रेलर अंगावर काटा आणतो, मग त्याच गेमवरचा दोन तासांचा सिनेमा कोरडा का वाटतो? मला वाटतं, याचं उत्तर तुझ्या त्या पंधरा पानांतच आहे.

२००७ सालची 'हेलो ३' या युद्धगेमची 'बिलीव्ह' ही जाहिरात आज रात्री काढून बघ. हातानं घडवलेल्या चिमुकल्या सैनिकांचा प्रचंड देखावा, त्यावरून संथ सरकणारा कॅमेरा आणि संगीतकार शोपँची पियानोची धून. सगळे पुतळे, कुणीच हलत नाही. भेदरलेले चेहरे, कोसळलेले देह आणि शेवटी शत्रूच्या तावडीत मान टाकून पडलेला गेमचा नायक, मास्टर चीफ. मग त्याच्या हातातला बॉम्ब पेटतो आणि तो मान वर करतो. बस, एवढंच. त्याचा चेहरा हेल्मेटआडच राहतो, २००१च्या पहिल्या गेमपासून होता तसाच, कारण खेळताना त्या काचेमागे आपणच असतो. 'हेलो'वरच्या २०२२च्या टीव्ही मालिकेत त्यानं पहिल्याच भागात हेल्मेट उतरवलं. नटात काही उणं नव्हतं. पण जी जागा इतकी वर्षं माझी होती तिथे कुणी दुसराच बसलेला दिसला, आणि मला ते लागलं.

तू म्हणशील, ट्रेलरला जुन्या खेळाच्या आठवणींचं भांडवल आयतं मिळतं. ते खरं आहे, पण पुरतं खरं नाही. फेब्रुवारी २०११मध्ये 'डेड आयलंड'चा ट्रेलर आला तेव्हा तो गेम कुणी खेळलेलाच नव्हता. ग्लासगोच्या अ‍ॅक्सिस अ‍ॅनिमेशननं एका लहान मुलीचं हॉटेलच्या खिडकीतून पडणं उलट्या क्रमानं दाखवलं. शेवट आधीच कळलेला असतो, तरीही बापलेकीचे हात एकमेकांकडे झेपावतात तेव्हा आपला श्वास अडकतो. झोंबींचं हे संकट आलं कुठून, ते सांगितलेलं नाही. ते आपलं आपणच भरून काढतो. (सप्टेंबरात गेम आला. त्यात ही गोष्ट खेळायला नव्हती, होती ती मुख्यतः झोंबींशी हाणामारी. ट्रेलर खोटं वचनही देऊ शकतो, हेही ध्यानात असू दे.)

सोयीचा भागही मान्य करू. ट्रेलरला एका मोक्याच्या क्षणापासून दुसऱ्यापर्यंतचा रस्ता दाखवावा लागत नाही. चिलखत घातलेलं माणसाचं शरीर कॅमेऱ्यासमोर अवघडतं, ती अडचण संगणकावर घडवलेल्या पात्राला नसते. पण खरा फरक निवडीचा आहे. २०१३च्या 'द विचर ३'च्या एका ट्रेलरमध्ये गेमचा नायक गेराल्ट एका बाईला फासावर चढवू पाहणाऱ्या सैनिकांपाशी येतो. आधी निघून जायला वळतो, मग परत फिरतो. सगळा ट्रेलर त्या परत फिरण्यावर उभा आहे. आणि गेममध्ये आपण तासन्‌तास दुसरं काय करत असतो? निर्णयच ना!

मग सिनेमावाल्यांनी काय करायचं? 'द लास्ट ऑफ अस' या गेमवरच्या २०२३च्या मालिकेतला तिसरा भाग बघ. गेममध्ये बिलचा जोडीदार फ्रँक भेटतो तो मेलेला, मागे एक कडवट चिठ्ठी ठेवून. मालिकेनं त्याचं आणि बिलचं अनेक वर्षांचं सहजीवन नव्यानं लिहिलं. तिथे खेळाडूचा हात कधी पोचलाच नव्हता, म्हणून भरलेलं मला खुपलं नाही. जे खेळाडूनं स्वतः जगलेलं असतं तिथे मात्र जपून पाऊल टाक.

म्हणून आता असं कर. पटकथा थोडी बाजूला ठेव आणि गेम पुन्हा एकदा पहिल्यापासून खेळ, शेजारी वही घेऊन. जिथे जिथे तू स्वतः थांबलास, कचरलास, परत फिरलास, ती ठिकाणं टिपून घे. बालपणाची ती पंधरा पानं काढून टाकायची की नाही, ते ती वही भरल्यावर ठरवू. आणि वही मला पाठव, अक्षर कसंही असलं तरी चालेल.

तुझा,
एक जुना संकलक