रक्तपेढी नेमकी कोणी सुरू केली? डॉ. जॅनेट व्हॉन यांच्याविषयी

कार्ल लँडस्टायनर यांनी 1901 मध्ये रक्तगटांचा शोध प्रसिद्ध केला हे सर्वत्र वाचायला मिळते, मग रक्त साठवून ठेवणारी रक्तपेढी कोणी सुरू केली आणि त्यासाठी एकाच व्यक्तीचे नाव घ्यायचे झाले तर कोणाचे घ्यावे, असे आपण विचारले आहे. नोंदींप्रमाणे उत्तर द्यायचे तर ‘ब्लड बँक’ हा शब्द शिकागोच्या कुक काउंटी रुग्णालयात बर्नार्ड फँटस यांनी 1937 मध्ये रूढ केला. तरीही एकच नाव निवडायचे तर मी इंग्लंडच्या डॉ. जॅनेट व्हॉन यांचे निवडेन. मी बरीच वर्षे रक्तपेढीत तंत्रज्ञ म्हणून काम केले आहे, आणि बाटली, नळी, शीतकपाट, लेबल आणि गाडी यांतले एक जरी चुकले तर रक्तगटाचे सारे ज्ञान कसे निरुपयोगी ठरते हे रोज पाहिले आहे. त्यामुळे माझा कल शोधापेक्षा व्यवस्थेकडे झुकतो, हे आधीच कबूल करतो.

व्हॉन यांच्या आधी काय होते ते थोडक्यात सांगायला हवे. रक्तात सोडियम सिट्रेट मिसळले की ते गोठत नाही, ही गोष्ट 1914-15 पासून माहीत होती. पहिल्या महायुद्धात ऑस्वाल्ड रॉबर्टसन यांनी सिट्रेट आणि ग्लुकोज घातलेले रक्त बर्फात ठेवून जखमी सैनिकांना दिलेही होते. पण युद्ध संपले आणि ती पद्धत मागे पडली. लंडनमध्ये पर्सी ऑलिव्हर यांनी 1921 पासून रेड क्रॉसच्या वतीने रक्तदात्यांची यादी ठेवली होती. रुग्णालयाचा निरोप आला की त्या यादीतला माणूस बोलावून घ्यायचा, आणि तो तिथे जाऊन रक्त द्यायचा. एका वेळी एक रुग्ण असेल तर ही सोय उत्तम होती. एका रात्रीत शेकडो जखमी आले तर मात्र तिचा काहीच उपयोग झाला नसता.

जॅनेट व्हॉन यांचा जन्म 1899 चा. वडील शाळेचे मुख्याध्यापक, तरी मुलीचे शालेय शिक्षण बेताचेच झाले, आणि ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजची प्रवेश परीक्षा त्या तिसऱ्या प्रयत्नात उत्तीर्ण झाल्या. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज रुग्णालयात शिकताना तिथल्या गरीब वस्त्यांमधले फिकट, थकलेले रुग्ण त्यांनी पाहिले. रक्तक्षयाकडे त्या वळल्या त्या तिथूनच, आणि त्यांचा समाजवादही तिथलाच. पर्निशस अ‍ॅनिमिया हा रक्तक्षयाचा प्रकार तेव्हा जीवघेणा होता. जनावराचे यकृत खायला दिल्याने असे रुग्ण सुधारतात, असे अमेरिकेत मायनॉट आणि मर्फी यांनी 1926 मध्ये दाखवले. व्हॉन यांनी यकृताचा अर्क घरच्या स्वयंपाकघरातच तयार करायला घेतला आणि त्यासाठी मैत्रिणींकडून खिमा करण्याची यंत्रे मागून आणली. त्यांतले एक यंत्र नात्यातल्या लेखिका व्हर्जिनिया वुल्फ यांचे होते. अर्क आधी कुत्र्याला दिला तर तो आजारी पडला, म्हणून दुसऱ्या वेळी बाईंनी तो स्वतःच घेऊन पाहिला आणि मगच रुग्णाला दिला. आजच्या नैतिक समितीने हा प्रयोग पहिल्याच पानावर फेटाळला असता. तरीही या बाईंना युद्धकाळात परवानग्यांची वाट पाहणे का जमले नाही, हे या प्रसंगावरून कळते.

खरी कलाटणी स्पेनमुळे मिळाली. यादवी युद्धाच्या काळात बार्सिलोनात डॉ. फ्रेडरिक दुरान जोर्दा यांनी 1936 पासून साठवलेल्या रक्ताचा पुरवठा उभा केला होता. ते ‘ओ’ गटाच्या सहा दात्यांचे रक्त एकत्र करून, गाळून, दाबाखाली काचेच्या कुप्यांत भरत आणि थंड गाड्यांतून आघाडीवर पाठवत. एखाद्या दात्याच्या रक्तातील प्रतिद्रव्ये (अँटिबॉडी, म्हणजे परक्या रक्तपेशींवर हल्ला करणारी द्रव्ये) फार तीव्र असली तरी सहा जणांच्या मिश्रणात ती सौम्य होतात, हा त्यामागचा हिशेब होता. स्पॅनिश प्रजासत्ताकाला मदत करणाऱ्या समितीत व्हॉन काम करत असल्याने हे अनुभव त्यांच्यापर्यंत पोहोचत होते. 1939 मध्ये दुरान निर्वासित म्हणून लंडनला आले तेव्हा त्यांचा मुक्काम व्हॉन यांच्याच घरी होता. ब्रिटिश रक्तपेढीचे श्रेय वाटताना दुरान यांचा वाटा बाजूला काढला तर तो अन्याय होईल.

सप्टेंबर 1938 मध्ये, हिटलरशी झालेल्या म्युनिक करारापूर्वी, लंडनवर कोणत्याही दिवशी बाँब पडतील असे वातावरण होते. हॅमरस्मिथच्या रुग्णालयात काम करणाऱ्या व्हॉन यांनी तेव्हा 100 पौंड मिळवून रबरी नळ्या, चिमटे आणि बाटल्या आणवल्या आणि रक्त काढून साठवायला सुरुवात केली. करार झाला, बाँब पडले नाहीत. मात्र लंडनपाशी साठवलेले रक्त असण्याची कोणतीच योजना नाही, ही गोष्ट त्यांच्या मनातून गेली नाही. 1939 च्या वसंतात ब्लूम्सबरीतल्या त्यांच्या घरी काही तरुण डॉक्टर जमू लागले. बाटली कोणत्या आकाराची, सिट्रेट किती, गाड्या कुठून आणायच्या, केंद्रे शहराबाहेर किती अंतरावर, इतक्या बारकाईने त्यांनी आराखडा लिहिला. मेडिकल रिसर्च कौन्सिल या ब्रिटनच्या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेने तो उचलून धरला आणि लंडनच्या भोवती स्लाऊ, ल्यूटन, सटन आणि मेडस्टोन अशी चार केंद्रे ठरली. स्लाऊचे केंद्र व्हॉन यांच्याकडे आले. ते कारखान्यांच्या वसाहतीतल्या एका सामाजिक केंद्रात थाटले होते आणि त्याला लागून बार होता. दुसरे महायुद्ध जाहीर झाले त्या दिवशी कौन्सिलची तार आली, तिचा आशय एवढाच होता की रक्त काढायला लागा.

त्या काळची बाटली मला फार आवडते. दुधाच्या बाटलीत थोडा फेरफार करून ती बनवली होती आणि मधोमध तिला कंबरेसारखा खोलगट भाग ठेवला होता. रक्त देताना तिथे पट्टा आवळायचा आणि बाटली उलटी टांगायची. गाड्यांपैकी काही मुळात आइस्क्रीम विकणाऱ्यांच्या होत्या, कारण थंडावा टिकवणारी तयार गाडी दुसरी कुठली मिळणार? बाटली शीतकपाटात रात्रभर स्थिर राहिली की तांबड्या पेशी तळाशी बसतात, त्यावर पांढुरक्या पेशींचा अगदी पातळ थर येतो आणि वर गवती रंगाचा प्लाझ्मा राहतो. त्या प्लाझ्मात लालसर झाक दिसली तर पेशी फुटल्या आहेत असे समजून बाटली बाजूला काढायची. पिशव्या आल्या, यंत्रे आली, पण सकाळी शीतकपाट उघडल्यावर मीही पहिल्यांदा नजर टाकतो ती त्या वरच्या थरावरच. नळ्या धुण्याचे कामही असेच, दिसायला हलके आणि परिणामाने जड. पुन्हा वापरायच्या रबरी नळीत जुन्या रक्ताचा अंश राहिला, तर ती निर्जंतुक करूनही रुग्णाला थंडी वाजून ताप भरतो.

बाँबहल्ले सुरू झाल्यावर भाजलेल्या रुग्णांत प्लाझ्मा किती उपयोगी पडतो हे या केंद्रांना दिसू लागले. शिरच सापडू नये इतक्या भाजलेल्या एका मुलीच्या हाडात सुई घालून व्हॉन यांनी तिला प्लाझ्मा दिला आणि ती वाचली, असा प्रसंग सांगितला जातो. हाडातून द्रव देण्याचा हा मार्ग तातडीच्या उपचारांत आजही वापरतात. साठवणुकीची मुदत वाढवण्याचे श्रेय मात्र व्हॉन यांचे नाही. त्यांचे सहकारी लाउटिट आणि मॉलिसन यांनी 1943 मध्ये आम्लधर्मी सिट्रेट आणि ग्लुकोजचे मिश्रण मांडले. आधीच्या सिट्रेटबरोबर ग्लुकोज तापवले की ते करपून तपकिरी होई, म्हणून दोन्ही वेगवेगळे निर्जंतुक करावे लागत. आम्लधर्मी द्रावणात ही अडचण सुटली आणि रक्त तीन आठवडे टिकू लागले.

1945 च्या वसंतात कौन्सिलने त्यांना नुकत्याच मुक्त झालेल्या, जर्मनीतल्या बेल्सेनच्या नाझी छळछावणीत पाठवले. अतिकुपोषित माणसांना प्रथिनांचा पचवलेला अर्क देऊन पाहायचा होता. सुई पुढे केली की रुग्ण किंचाळत, कारण छावणीत इंजेक्शन म्हणजे मृत्यू हे त्यांनी पाहिले होते. अखेर अर्कापेक्षा थोडे थोडे दूधच अधिक मानवले. आपण नरकात विज्ञान करण्याचा प्रयत्न करत आहोत, असे त्यांनी तिथून लिहिले.

एवढे काम करूनही त्यांचे नाव पाठ्यपुस्तकात का नाही, याचे माझ्या मते साधे कारण आहे. त्यांच्या नावाचा रक्तगट नाही, चाचणी नाही, द्रावणही नाही. शिवाय युद्धानंतर त्यांनी हे क्षेत्रच सोडले. 1945 ते 1967 त्या सॉमरव्हिलच्या प्राचार्या होत्या आणि त्याच काळात किरणोत्सारी द्रव्ये हाडांत कशी साठतात यावर संशोधन करत राहिल्या. रॉयल सोसायटीने त्यांना फेलो म्हणून निवडले ते 1979 मध्ये, वयाच्या 79 व्या वर्षी, आणि तेव्हा त्यांची ओळख हाडांच्या अभ्यासासाठी होती. 1993 च्या जानेवारीत त्यांचे निधन झाले.