वाचकांचे प्रश्न: इझमीर, खिसा सांभाळून

प्रश्न: आम्ही नवरा-बायको ऑक्टोबरात तुर्कस्तानातल्या इझमीरला जायचं म्हणतोय. इस्तंबूलपेक्षा निवांत आणि स्वस्त आहे, असं कळलं. व्हिसा, विमान आणि राहण्याचं काय करावं? (एक वाचक, मुलुंड)

उत्तर: महिना चांगला निवडलात. जुलै-ऑगस्टात तिथे पारा पस्तिशीपार जातो आणि किनाऱ्यावरच्या खोल्या महागतात.

आधी व्हिसा. अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड किंवा शेंगेन देशांचा (युरोपातले, एकाच व्हिसावर फिरता येणारे देश) चालू व्हिसा असेल तर तुर्कस्तानचा ई-व्हिसा मिळतो, एकदाच प्रवेश आणि 30 दिवस. लोक अडकतात ते इथे: आधाराला दाखवलेला व्हिसा तुम्ही तिथे उतरता त्या दिवशीही चालू असावा लागतो आणि तो स्वतः ई-व्हिसा असून चालत नाही. असा व्हिसा नसेल तर पासपोर्टवर चिकटवायचा साधा व्हिसा काढा. तो हातात येईपर्यंत पैसे परत न मिळणारं तिकीट काढू नका.

विमान इस्तंबूलमार्गे. तिथे विमानतळ दोन आहेत, युरोपच्या बाजूला इस्तंबूल आणि आशियाच्या बाजूला सबिहा गोकचेन. स्वस्त दिसलं म्हणून पुढचं तिकीट वेगळं काढलं आणि ते दुसऱ्या विमानतळावरून निघालं, तर सामान घेऊन अख्खं शहर ओलांडावं लागतं. मुंबई ते इझमीर एकाच तिकिटावर घ्या. थोडे जास्त पडले तरी तेच शहाणपणाचं.

राहायला आल्सान्जाक किंवा कोनाक या शहरातल्या वस्त्या बघा. बासमाने स्टेशनाजवळची हॉटेलं आणखी स्वस्त असतात, मात्र रात्री उशिरा त्या गल्ल्या सामसूम होतात.

प्रश्न: शहरात फिरायचं कसं? पोहायला मिळेल का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर: टॅक्सीची गरज नाही. इझबान ही आपल्या लोकलसारखी गाडी थेट विमानतळावरून आल्सान्जाकला जाते. स्टेशनात इझमीरिम कार्ड घ्या. तेच मेट्रो, ट्राम, बस आणि बोटीला चालतं. इझबानचं भाडं अंतरावर असतं. आत शिरताना कार्डातून जास्तीत जास्त भाडं कापलं जातं. उतरल्यावर बाहेरच्या परताव्याच्या यंत्रावर कार्ड टेकवलं की न वापरलेल्या अंतराचे पैसे कार्डात परत येतात. पाहुणे हे यंत्र न बघताच निघून जातात आणि दर फेरीला पैसे घालवतात. कोनाकहून उपसागरापलीकडच्या कार्शीयाकाला बोटीने जा. संध्याकाळी वरच्या डेकवर बसायला मिळालं तर याहून स्वस्त जलसफर नाही.

शहराच्या उपसागरात मात्र पोहू नका, पाणी तसं नाही. आल्सान्जाकचा कोर्दोन किनारा चालण्या-बसण्यासाठी आहे. पोहायचं तर बसने चेश्मेला, साधारण 85 किलोमीटर. तिथला इलिजाचा किनारा सर्वांना खुला आहे. पैसे लागतात ते आरामखुर्ची नि छत्रीचे, तेव्हा आपला पंचा घेऊन वाळूत बसा.

प्रश्न: आई शाकाहारी आहे. तिच्या जेवणाचं काय? (एक वाचक, गिरगाव)

उत्तर: एजियन किनाऱ्यावर, म्हणजे इझमीरच्या बाजूला, हाल होणार नाहीत. 'झेतिनयाली' म्हणजे ऑलिव्ह तेलात शिजवून गार वाढलेल्या भाज्या, त्यात रिवाजानेच मांस नसतं. द्राक्षाच्या पानांच्या गुंडाळ्याही याच प्रकारच्या मागा, कारण गरम मिळतात त्यांत बहुधा खिमा असतो. मसुराचं सूप आणि भात दिसायला शाकाहारी, पण पुष्कळदा मांसाच्या पाण्यात शिजवतात. 'एत सुयू वार म?' (मांसाचं पाणी आहे का?) एवढं विचारावं. सकाळी बेकरीत गरम बोयोझ घ्या. पदर सुटलेली, तेलाने खुसखुशीत झालेली ही गोल रोटी तिथली खासियत. सोबत उकडलेलं अंडं देतात, ते नको म्हणून सांगा. दुपारी 'एस्नाफ लोकांतासी' म्हणजे कामगार-दुकानदारांच्या खाणावळीत जा. पदार्थ काचेमागे मांडलेले असतात, त्यामुळे बोट दाखवून घेता येतं. उशीर केलात तर चांगल्या भाज्या संपतात.

प्रश्न: एफेसस या प्राचीन शहराचे अवशेष स्वतः जाऊन बघता येतील, की टूर घ्यावी? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: स्वतः जा. बासमानेहून रेल्वेने सेल्चुक हे गाव गाठायचं, तिथून अवशेष सुमारे तीन किलोमीटर. वरच्या दरवाज्यापर्यंत टॅक्सी करा, उतारावरून सेल्ससच्या ग्रंथालयाकडून मोठ्या नाट्यगृहापर्यंत चालत या आणि खालच्या दरवाज्याहून दोल्मुश म्हणजे शेअर मिनीबसने परता. उलट केलंत तर भर उन्हात चढ चढावा लागतो आणि आत सावली जवळजवळ नाही. प्रवेशाला 2024 मध्ये 40 युरो पडत होते. सहलीतला हा मोठा खर्च, तो आधीच बाजूला काढा.

शेवटी पैशांचं: एटीएमने रक्कम रुपयांत कापू का विचारलं तर नाही म्हणा आणि लिरा हे तिथलं चलनच निवडा. रुपयांचा दर ते यंत्र स्वतःच्या सोयीने लावतं.