सायकल आणि गाड्या एकाच रस्त्यावर चालतील का? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

शाळा सुरू व्हायला पंधरा-वीस दिवस राहिले की माझ्याकडे एकच प्रश्न दहा तोंडांनी येतो, "मॅडम, पुण्यात आता सायकल चालवणं सेफ आहे का हो?" मी रस्त्यांच्या सेफ्टी ऑडिटचं काम करते, म्हणजे चौकात टेप आणि स्पीडगन घेऊन उभं राहायचं आणि माणसं कुठे पडतात, का पडतात ते बघायचं. या प्रश्नाला सरसकट हो किंवा नाही म्हणता येत नाही. सदाशिव पेठेतली गल्ली आणि नगर रोड ही दोन वेगळी जगं आहेत. तुमचा रस्ता कुठला, तिथे गाड्या किती स्पीडनं जातात आणि वळतात कुठे, एवढं सांगा, मग बोलता येईल. या वेळी निवडलेल्या प्रश्नांत बहुतेकांनी ते सांगितलंय, म्हणून उत्तरं देते.

मुलगा आठवीत गेला, सायकलनं शाळेत जायचं म्हणतो. आम्ही डहाणूकर कॉलनीत राहतो, शाळा डेक्कनला. ह्यांचं म्हणणं, आम्ही गेलो तसा तोही जाईल कर्वे रोडनं. पाठवू का?

ताई, तुमचे मिस्टर आठवीत होते तेव्हाचा कर्वे रोड आता राहिलेला नाही. तेव्हा सायकली इतक्या होत्या की गाडीवाल्याला त्यांच्या अंदाजानं चालवावं लागायचं, आता उलटं आहे, वर मेट्रोचे खांब आल्यापासून काही ठिकाणी बाजूला सरकायलाही जागा नाही. साधा हिशोब सांगते. ३० च्या स्पीडची गाडी एका सेकंदात साधारण ८ मीटर जाते, ५० ची जवळपास १४ मीटर, आणि ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर जायलाच एक सेकंद लागतो. स्पीड दुप्पट झाला की धडकेचा जोर दुप्पट नाही, चौपट होतो. म्हणून जगभर नियम असा धरतात की जिथे गाड्या ३० च्या आत आहेत तिथे सायकल त्यांच्यात मिसळू शकते, ५० च्या पुढे असतील तर सायकलला वेगळी जागा हवी. रस्ते सुरक्षेवरच्या जागतिक परिषदेच्या २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यातही हाच ३० चा आकडा आहे.

तेव्हा कर्वे रोड सोडा. मयूर कॉलनीतून, मग एरंडवण्यातल्या आणि प्रभात रोडच्या गल्ल्यांमधून रस्ता काढा, वन-वे बघून. पाच-सात मिनिटं जास्त लागतील, लागू देत. लॉ कॉलेज रोड ओलांडताना खाली उतरून, सायकल हातात धरून, चालत. आधी एका रविवारी त्याच्या मागे मागे तुम्ही जा, मग शाळेच्या वेळेला एकदा जा, रविवारचा रस्ता आणि सोमवारचा रस्ता एक नसतो. आणि त्याचे डोळे तपासून घ्या, आठवी-नववीत नंबर लागलेला असतो आणि घरात कुणाला पत्ता नसतो.

मी ६८ वर्षांचा आहे, सहकारनगरला रोज सकाळी सायकल चालवतो. समोरून येणारी गाडी दिसावी म्हणून उजव्या बाजूनं चालवतो. बरोबर ना?

नाही काका. तो नियम रस्त्याच्या कडेनं पायी चालणाऱ्याचा आहे. सोसायटीच्या गेटमधून गाडी काढणारा फक्त उजवीकडे बघतो, तुम्ही त्याच्या डावीकडून येता. उद्यापासून डावी बाजू.

सायकल ट्रॅकवर टू-व्हीलर लावलेल्या असतात, मग फुटपाथवरनं चालवली तर चालेल का?

चालत न्या, चालवू नका, फुटपाथ पायी जाणाऱ्यांचा आहे. ट्रॅकवर मोटार वाहन चालवणं नियमात बसत नाही, लावणं तर नाहीच, फोटो काढून वॉर्ड ऑफिसला आणि ट्रॅफिकला लेखी द्या, सोसायटीच्या लेटरहेडवर दिलंत तर बरं. सातारा रोडला बीआरटीच्या, म्हणजे बसच्या वेगळ्या लेनच्या वेळी ट्रॅक झाले, २०१७ साली अख्ख्या शहराचा सायकल आराखडा मंजूर झाला, पण चौक आला की ट्रॅक संपतो, नेमका जिथे हवा तिथेच. पत्रात हे पण लिहा.

दुकानदार म्हणतो हे ४ हजारांचं हेल्मेट घ्या, गाडीनं उडवलं तरी डोक्याला काही होणार नाही. घेऊ का?

असं म्हणणाऱ्या दुकानातून काहीच घेऊ नका. सायकलचं हेल्मेट सायकलवरून पडल्यावर डोकं आपटू नये म्हणून असतं, ते जरूर घाला, पण डंपरपुढे ते टिकेल असं सांगणं म्हणजे माणसाला खोट्या भरवशावर रस्त्यावर सोडणं आहे आणि हे दर सीझनला चालतं. आत ईएन १०७८ हा सायकल हेल्मेटचा युरोपियन मार्क आहे का बघा. भुवईच्या वर दोन बोटं बसलं पाहिजे, पट्टा लावून मान हलवली तर हेल्मेट हलता कामा नये. नीट बसणारं स्वस्त हेल्मेट ढिल्या महागापेक्षा कधीही चांगलं. एकदा जोरात आपटलं की बदलायचं, वरून चरा दिसत नसला तरी.

बाणेरला राहतो, कार चालवतो. सायकलवाले कडेला जागा असताना रस्त्याच्या मध्ये येतात, हॉर्न दिला तरी हलत नाहीत. रोड टॅक्स आम्ही भरायचा आणि रस्ता ह्यांनी अडवायचा?

टॅक्सचं आधी. शहरातले बहुतेक रस्ते महापालिका करते, तिच्या तिजोरीत मिळकतकर जातो, तो सायकलवाल्याच्या घरालाही आहेच. आता तो कडेला का नसतो ते एकदा खाली उतरून बघा. कडेला चेंबरचं झाकण असतं, दोन इंच खाली किंवा वर, डांबर आणि ब्लॉकच्या मधली फट असते तिच्यात पातळ टायर अडकतो, खडी साचलेली असते, आणि लावलेल्या गाडीचं दार कधीही उघडतं. दार साधारण एक मीटर बाहेर येतं, म्हणून तो तेवढं अंतर सोडून चालवतो. मी पण तेच शिकवते.

ओव्हरटेक करताना दीड मीटर सोडा, जर्मनीत गावातल्या रस्त्यांवर हे कायद्यानं बंधनकारक आहे, आपल्याकडे आपण होऊन करायला कुणी अडवलं नाही. तेवढी जागा नसेल तर मागे थांबा, पुढच्या सिग्नलला तुम्ही दोघं शेजारीच असणार. हॉर्ननं सायकलवाला दचकतो, हँडल हलतं, आणि ते बहुतेक वेळा तुमच्याच बाजूला हलतं. एक सवय लावून घ्या, कारमधून उतरताना दार डाव्या हातानं उघडा. हात फिरवला की खांदा वळतो, खांद्याबरोबर मान वळते आणि मागून येणारा दिसतो. मागे बसलेल्या मुलांनाही शिकवा, डावीकडच्यानं उजव्या हातानं उघडायचं.

वाघोलीहून खराडीला कंपनीत सायकलनं जातो. नगर रोडला टँकर, डंपर, मिक्सर भरपूर. सिग्नलला त्यांच्या डावीकडून गॅप मिळतो तिथून पुढे निघतो, मित्र म्हणतात डावीकडे राहणंच सेफ. तुम्ही काय म्हणाल?

हा प्रश्न मी सगळ्यात वर ठेवणार होते, पण बाकीचं वाचून झाल्यावर शांतपणे वाचावा म्हणून इथे घेतला. दादा, तो गॅप म्हणजे सापळा आहे. हे मी एवढ्या कळकळीनं सांगते कारण माझ्या इतक्या वर्षांच्या कामात सायकलवाल्याच्या मृत्यूची जी ठिकाणं मी जाऊन बघितली त्यात ही एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली, मोठी गाडी डावीकडे वळली आणि सायकल तिच्या डाव्या अंगाला होती.

काय होतं ते नीट समजून घ्या. लांब गाडीचं मागचं चाक पुढच्या चाकाच्या वाटेनं जात नाही, ते आतून कापतं. म्हणून ड्रायव्हर डावीकडे वळायच्या आधी गाडी जरा उजवीकडे घेतो, नाहीतर मागचं चाक फुटपाथवर चढेल. तुम्ही मागून बघताय, तुम्हाला वाटतं टँकर सरळ किंवा उजवीकडे चाललाय, डावीकडे छान जागा झाली, तुम्ही आत घुसता. मग तो वळतो आणि ती जागा मागच्या चाकाच्या बाजूनं बंद होत येते. स्पीड तेव्हा दहा-पंधराच असतो, त्यामुळे ब्रेकचा आवाज नाही, काही नाही. लोक नंतर म्हणतात सायकलवाला आत कसा गेला. त्याला जागा दिसली म्हणून गेला.

आणि ड्रायव्हरला तो दिसत नाही. गेल्या वर्षी एका शाळेच्या ग्राउंडवर आम्ही बस उभी केली, डाव्या अंगाला मुलांना सायकली घेऊन उभं केलं आणि पालकांना एकेक करून ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. एक आई वर चढल्या, आरशात बघितलं, मान वाकडी करून काचेतून बघितलं आणि म्हणाल्या, मुलं गेली कुठे? त्यांचा स्वतःचा मुलगा पुढच्या दाराखाली घंटीवर अंगठा ठेवून उभा होता. त्यानं घंटी वाजवली, ती त्यांना ऐकू आली, मुलगा दिसला नाही. त्या खाली उतरल्या तेव्हा बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

तेव्हा सिग्नलला मोठ्या गाडीच्या मागे थांबा, तिच्या आरशात ड्रायव्हरचं तोंड तुम्हाला दिसेल इतकं मागे. तोंड दिसत नसेल तर तुम्हीही त्याला दिसत नाही. तो आधीच तुमच्या शेजारी येऊन थांबला तर सायकल उचलून फुटपाथवर चढा, एक सिग्नल गेला तर गेला. इंडिकेटर लागलेला नाही म्हणजे तो वळणार नाही असं धरू नका.

यात ड्रायव्हरला एकट्याला धरून उपयोग नाही. टँकरवाल्याला खेपेवर पैसे मिळतात, खेप वाढवायची म्हणून तो पळवतो, आणि डावीकडे बघायला जो क्लीनर हवा तो खर्च वाचवायला काढून टाकलेला असतो. ज्या सोसायट्या टँकर मागवतात त्यांनी सप्लायरला विचारावं, क्लीनर आहे का, डावा आरसा धड आहे का, चाकांच्या मधल्या मोकळ्या भागाला साइड गार्ड आहे का. बिल्डरनं मिक्सरवाल्याला विचारावं. दुसरं, आपल्या चौकांचे कोपरे एवढे गोल करून ठेवलेत की फ्री लेफ्टला, म्हणजे सिग्नलला न थांबता डावीकडे वळायची मुभा असते तिथे, गाडी स्पीड कमी न करताच वळते. कोपरा आवळला की वळताना थांबावंच लागतं, हे थोड्या खर्चाचं काम आहे आणि मी प्रत्येक रिपोर्टमध्ये लिहिते, तुमच्या चौकासाठी तुम्ही लिहा. आणि दादा, तुमचा रूट एखाद्या रोज त्या बाजूनं जाणाऱ्या अनुभवी सायकलवाल्याबरोबर एकदा करून बघा, आतून रस्ता निघतोय का ते त्यालाच माहीत असेल.

तीन आठवड्यांपूर्वी सिंहगड रोडला बाइकवाल्यानं मागून धक्का दिला, पडलो. त्यानं ५०० रुपये दिले आणि गेला, गाडीचा नंबर आहे माझ्याकडे. गुडघा अजून सुजतो, घरी तेल लावून चोळतोय. नातेवाईक म्हणतात मोठ्या गाडीचीच चूक धरतात, आरामात केस करता येईल. खरं का?

चोळणं आज बंद करा आणि हाडांच्या डॉक्टरकडे जा, आजच. तीन आठवडे सूज राहते म्हणजे आत लिगामेंट किंवा गादीला काही झालेलं असू शकतं, ते मी लिहून सांगू शकत नाही आणि तुमचे नातेवाईक तर नाहीच. मोठ्या गाडीचीच चूक धरतात हे ऐकीव आहे, तुमची चूक किती ते पण बघतात आणि तेवढी भरपाई कमी होते. आरामात तर अजिबात नाही. पोलिसांत तक्रार, डॉक्टरचे कागद, बाइकचा नंबर आणि इन्शुरन्स हे सगळं लागतं, आणि मोटार वाहन कायद्यात दाव्याला अपघातापासून सहा महिने दिलेत, त्यातले तीन आठवडे तुम्ही तेलात घालवलेत. या आठवड्यात अपघाताचे दावे बघणाऱ्या वकिलाला भेटा. बाकीच्यांनी हे लक्षात ठेवा, २०२५ पासून मोटार अपघातातल्या जखमीला पहिल्या ७ दिवसांत दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचारांची योजना आहे, ती घरी बसणाऱ्याच्या उपयोगाची नाही.

इयरफोन एका कानात घातला तर चालेल ना?

नाही.

ई-सायकल घेतोय. दुकानदार म्हणाला ४५ चा स्पीड देते आणि लायसन्स, नंबर काही लागत नाही.

दोन्ही एकत्र खरं असू शकत नाही. मोटर २५० वॉटच्या आत आणि स्पीड २५ च्या आत असेल तरच ती मोटार वाहनात धरत नाहीत. ४५ ची गाडी नंबरशिवाय चालवून कुणाला धडकलात तर इन्शुरन्स नाही, भरपाई तुमच्या खिशातून. बिलावर वॉट आणि स्पीड लिहून मागा, लिहून देत नसेल तर उठा तिथून. शंका राहिली तर घेण्याआधी आरटीओत विचारा.

मी सिक्युरिटीत आहे, रात्री दीडला ड्युटी सुटते, हडपसरहून मांजरीला सायकलनं जातो. रस्ता मोकळा असतो, मग लाइट लावायची गरज आहे का?

आहे भाऊ, मोकळ्या रस्त्यावरच जास्त आहे, कारण रात्री गाड्या सगळ्यात जोरात असतात आणि चालवणारा झोपेत किंवा प्यायलेला असू शकतो. मागे लाल लाइट, पुढे पांढरा, आणि पेडलला रिफ्लेक्टर, पेडल वर-खाली होतं म्हणून लांबून कळतं की माणूस आहे. ड्युटीवरचं रिफ्लेक्टरचं जॅकेट सुटल्यावर काढून पिशवीत ठेवत असाल तर ठेवू नका, अंगावर घालूनच घरी जा. मागचा लाइट सीटच्या खाली लावा आणि डबा कॅरिअरवर बांधल्यावर एकदा दहा पावलं मागे जाऊन बघा, डब्याआड लाइट झाकला जातोय का.