कीड आत ठेवूनच फिलिंग? शिकाऊ डॉक्टरांना येतं तरी का?

प्रश्न : डॉक्टर नमस्कार, माझ्या मुलीची (वय १७) खालची दाढ खूप किडलीय, थंड पाणी लागलं की कळ येते. खर्च कमी म्हणून डेंटल कॉलेजला नेलं तर तिथल्या फायनल इयरच्या मुलीने एक्सरे काढला, दाताला काहीतरी गारगार लावून बघितलं, अर्धी कीड काढली आणि बाकीची आत ठेवून वरून भरून टाकलं, म्हणे आठ-दहा महिन्यांनी या! आमच्या कॉलनीतले डॉक्टर एक्सरे बघून म्हणाले कीड राहिलीय, रूट कॅनॉल करा. त्या पोरीला येत नव्हतं का? – एक आई

उत्तर : ताई, त्या पोरीला चांगलंच येत होतं. आम्ही शिकलो तेव्हा नियम एकच, दात कडक लागेपर्यंत आणि इन्स्ट्रुमेंट करकर वाजेपर्यंत खरवडायचं. त्या नादात किती नसा उघड्या पाडल्या देव जाणे, आणि नस उघडी पडली की रूट कॅनॉल आलंच.

आता कीड एक्सरेत नसेच्या अगदी जवळ दिसत असेल आणि नस जिवंत असेल तर कडेची कीड पूर्ण साफ करतात, तिथे अजिबात दयामाया नाही, पण नसेवरचा मऊ थर तसाच ठेवून वरून घट्ट सील करतात. आतल्या जंतूंना तोंडातली साखर मिळणं बंद झालं की ते उपाशी पडतात आणि दात आतून स्वतःच नवा थर धरायला लागतो. काही महिन्यांनी उघडलं तर आधी ओल्या लाकडाच्या ढलप्यासारखं पिवळट निघणारं तेच डेंटिन (दाताचा आतला थर) काळपट, कोरडं आणि टणक झालेलं असतं, मी स्वतः पाहिलंय. याला स्टेपवाईज, म्हणजे टप्प्याटप्प्याने कीड काढणं म्हणतात. काही जण एकदाच बंद करून परत उघडतही नाहीत, २०१६ च्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या शिफारशीत दोन्ही पद्धती आहेत.

आणि ते गारगार म्हणजे कोल्ड टेस्ट. कळ येऊन काही सेकंदात गेली तर नस वाचू शकते. पण थंड काढून घेतल्यावरही ठणका राहतो, किंवा रात्री आपोआप दुखून झोपमोड होते, तर मग कॉलनीतल्या डॉक्टरांचं बरोबर, रूट कॅनॉलच लागतं. वरचं सिमेंट तुटलं किंवा हललं तर मात्र तारखेची वाट बघू नका, त्याच आठवड्यात जा, सगळा खेळ त्या सीलवर आहे.

प्रश्न : सर मी इंटर्न आहे. व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) सिलेक्टिव्ह रिमूव्हल, म्हणजे नसेवरची कीड मुद्दाम ठेवून बाकीची काढणं, सांगितलं की मार्क, पण क्लिनिकमध्ये एक मॅडम म्हणतात ठेव, दुसरे सर म्हणतात अजून काढ, काय करायचं? आणि खरं सांगू का, आरसीटीचा (रूट कॅनॉलचा) कोटा पण असतो...

उत्तर : कोट्याचं खरं सांगितलंस, आवडलं! पुस्तकातलं पाठ असतं रे सगळ्यांना, गडबड होते ती खुर्चीशेजारी, कारण 'मऊ' म्हणजे किती मऊ हे वाचून कळत नाही. कडेला राऊंड बर (ड्रिलचं गोल टोक) स्लो स्पीडवर चालव, नसेवर मात्र एअरोटर (वेगवान ड्रिल) नेऊच नको, तिथे धारदार स्पून एक्स्कॅव्हेटर (चमच्यासारखं खरवडायचं हत्यार) हातात घे आणि जोर न लावता जेवढं निघेल तेवढंच काढ. रबर डॅम (दाताभोवतीचा रबरी पडदा) लाव, कंटाळा करू नकोस. सर ओरडले तर बर चालवायच्या आधीच कोल्ड टेस्टचा रिझल्ट आणि एक्सरे त्यांच्यासमोर ठेव, नस उघडी पडल्यावर वाद घालण्यात काही राम नाही.

आणि केस पेपरवर नीट लिही, कीड मुद्दाम ठेवलीय, कुठे ठेवलीय, वर काय भरलंय, परत कधी बोलावलंय. पेशंटला पण त्याचा फोटो काढून घ्यायला सांग. वरच्या ताईंकडे तो कागद असता तर कॉलनीतल्या डॉक्टरांना एक्सरेतली ती काळी सावली बघून कोणीतरी काम अर्धवट सोडलंय असं वाटलंच नसतं.